हिरव्या पट्टीतला खिळा

आमच्या बैठकीत कॅलेंडर टेबलावर आडवं पडलेलं असायचं. तारीख पाहायची तर वाकून पाहायची. भिंती होत्या, चांगल्या चार होत्या, पण त्यांना खिळा मारायची परवानगी नव्हती. माझ्या यजमानांनी, गुणवंतरावांनी, बैठकीच्या आणि बाहेरच्या छपरीच्या भिंतींना प्लॅस्टिकचे पत्रे लावून घेतले होते. त्या पत्र्यांपुढं आम्ही घरातली माणसं म्हणजे भाडेकरूच.

ही गोष्ट छप्पन सालची. आमचं गाव कुरखेड्यापासून अडीच कोसांवर. चहूकडे धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, आणि त्यापलीकडे जंगल. गावात धानाची एकच गिरणी, ती आमची. पावसाळ्यात आमच्या मातीच्या भिंतींना ओल यायची, चुना पोपडे धरून गळायचा. गुणवंतराव मुंबईला गेले होते, तिथं कुठल्याशा प्रदर्शनात त्यांनी हे पत्रे पाहिले आणि हट्टाला पेटले. हिरवे, गुळगुळीत, तोंड दिसेल असे. वडशापर्यंत रेल्वेनं आणि तिथून तणसात गुंडाळून बैलगाडीनं ते आले. नागपूरहून सुतार आला. त्यानं भिंतीवर लाकडी पट्ट्या ठोकल्या आणि त्यावर सरसानं पत्रे बसवले. बसवताना तीन फोडले, तेव्हा गुणवंतरावांनी त्याला जे ऐकवलं ते मी इथं लिहीत नाही. समोरच्या दाराची सागवानी चौकटसुद्धा त्यांनी त्याच पत्र्याच्या हिरव्या पट्ट्यांनी मढवून टाकली. सागवानाला मढवायचं! आमच्या मुलखात सागवान कमी पडतं म्हणून की काय, देव जाणे.

गावातले लोक त्याला कचकडं म्हणत. त्यांना कचकडं ठाऊक होतं ते बाहुलीचं आणि कंगव्याचं. आठ दिवस लोक भिंत बघायला येत होते. हात लावायची छाती कुणाची झाली नाही. भिंती पुसायचं काम मात्र माझ्याकडे. सकाळी देवाआधी मी भिंती पुसायची.

आषाढातल्या अमावास्येला आमच्याकडे जिवती असते. त्या दिवशी गावचा लोहार घरोघर जातो आणि समोरच्या दाराच्या चौकटीला एक खिळा ठोकतो. रोगराई त्या खिळ्याशी अडते, लेकरंबाळं सुखरूप राहतात, असा समज. घरची बाई लोहाराला सूपभर धान घालते. जुन्या घरांच्या चौकटी पाहिल्या तर आज्या-पणज्याच्या वेळचे गंजलेले खिळे दाटीवाटीनं बसलेले दिसायचे. एकही दार सोडायचं नाही, हा त्यातला मुख्य नेम. एक दार सुटलं की गावाचं कुंपण मोडलं.

आमच्या गावचा लोहार मुखरू. चाळिशीचा, हडकुळा, बोलायला हळू. त्याच्या बापानं आणि आजानं ह्याच गावात खिळे ठोकले. त्या वर्षी जिवतीच्या सकाळी तो खांद्याला झोळी अडकवून आमच्या छपरीत आला, चौकटीकडे पाहिलं आणि हातातला हातोडा खाली केला.

"इथी ठोकाचं नाई," गुणवंतराव आरामखुर्चीतून म्हणाले. "दोन सुपं धान घे अन् जाय."

"मालक, खिळ्याबिगर धान कसं घेऊ?"

"अरे, म्या देऊन राह्यलो ना! तुले धानाशी मतलब का खिळ्याशी?"

मुखरूनं हातोडा झोळीत टाकला. मग म्हणाला, "खिळ्याशीच आहे, मालक." आणि धान न घेता निघून गेला. मी भरलेलं सूप हातात धरून दारात उभी. गुणवंतराव हसले. गरिबाला एवढा ताठा परवडतो कसा, असं त्यांना वाटलं असावं. मला मात्र त्या रिकाम्या झोळीची लाज वाटली. पहिला मुलगा मी नऊ महिन्यांचा घालवला होता आणि आता दीड वर्षाची वच्छला माझ्या कडेवर होती. सातवीपर्यंत शिकले होते मी. खिळ्यानं आजार अडत नाही हे मला कळत होतं. पण कळतं तेवढ्यावर आईचं भागत नाही.

फागणात गावात गोवर आला. चार लेकरं गेली. लटारूभाऊंचा नातू त्यातलाच. लटारूभाऊ म्हणजे गावातलं सगळ्यात जुनं माणूस. भांडण असो की लग्न, त्यांचा शब्द शेवटचा. आमच्या वच्छलालाही गोवर निघाला. गुणवंतरावांनी ब्रह्मपुरीहून डॉक्टर आणला, सुया टोचल्या, आणि ती बरी झाली. ती बरी झाली हेच गावाच्या डोळ्यांवर आलं. ज्याचं दार उघडं राहिलं त्याची पोर उठून बसली आणि ज्यांच्या दारांना खिळे होते त्यांची लेकरं मातीत गेली. रोग त्या उघड्या दारातून शिरला आणि गावभर फिरला, असं लोक म्हणू लागले.

पण हे गुणवंतरावांना तोंडावर म्हणणार कोण? धान सगळ्यांना त्यांच्याच गिरणीत भरडायचं होतं. मग चोर सोडून संन्याशाला सुळी. लोकांनी मुखरूला चावडीपुढे बसवलं.

लटारूभाऊ म्हणाले, "येत्या जिवतीले त्या दाराले खिळा लागला पायजे, मुखरू. कसा लावशीन ते तुवं तू पाह्य. नाई लागला तं आमी दुसरा लोहार पाहू."

गावानं लोहार बदलला म्हणजे काय, हे सांगायला हवं. फाळ, विळे, कुऱ्हाडी, सगळं काम गेलं. सुगीला खळ्यावर मिळणारा लोहाराचा वाटा गेला. आणि आसपासच्या गावांत निरोप गेला की ह्या माणसाच्या हातानं चार लेकरं गेली. त्याला मग पंचक्रोशीत भाता लावायला कुणी जागा देत नाही. मुखरूला तीन मुली होत्या.

जेठाच्या उन्हात एके दिवशी तो आमच्या मागच्या दाराशी आला. गुणवंतराव गिरणीवर होते.

"बाई, त्या कचकड्याचा फुटका तुकडा हाये का एखांदा?"

"कायले पायजे, मुखरूभाऊ?"

"शिकाचं आहे."

सुतारानं फोडलेले तुकडे कोठीत पडले होते. मी चार दिले. आठ दिवसांनी तो परत आला आणि तुकडे माझ्यापुढे मांडले. पहिल्यावर त्यानं सरळ खिळा ठोकला होता. त्याला चहूबाजूंनी चिरा गेल्या होत्या. दुसऱ्याला तापवलेल्या सळईनं भोक पाडलं होतं. आमच्याकडे तुंब्याला आणि बासरीला असंच भोक पाडतात, त्यात नवल नव्हतं. पण कचकडं वितळलं होतं, भोवती काळी कड आली होती, आणि त्या घाणेरड्या वासानं म्हणे त्याच्या बायकोनं त्याला घराबाहेर काढलं होतं. तिसऱ्याला त्यानं सामत्यानं छेद पाडला होता. सामता म्हणजे धनुष्यासारख्या काठीच्या दोरीनं मागेपुढे फिरवायचं गिरमिट. वरून छेद सुरेख होता, पण मागच्या बाजूनं टवका उडाला होता.

"अजून देऊ का तुकडे?"

"द्या. हे लोखंडावानी नाई, लाकडावानीबी नाई. लोखंडाले जोर दाखवा लागते. ह्याले जोर दाखवला का हे मरते."

मी दिले. खोटं कशाला बोलू, मला त्या कामाची गोडी लागली. आठवड्यातून एकदा तो यायचा आणि मी मागच्या पायरीवर बसून त्याचे तुकडे पाहायची. त्या घरात दुसरं कुणी मला काही दाखवायला येत नव्हतं. हळूहळू त्याला ते साधत गेलं. टोक धारदार असलं की ते कचकड्यात रुततं आणि पार होताना झटका देऊन टवका काढतं, हे त्याच्या ध्यानात आलं. म्हणून त्यानं गिरमिटाची धार मुद्दाम दगडावर घासून मारली. गिरमिटानं मग चावणं सोडलं आणि ते खरवडत जायला लागलं. छेदाच्या मागं लाकूड घट्ट टेकलेलं हवं, थेंब थेंब पाणी सोडत राहायला हवं, आणि हात असा हलका हवा की सामता आपल्या वजनानंच फिरला पाहिजे. आणि छेद खिळ्यापेक्षा जरासा मोठा ठेवायचा. हे कचकडं उन्हात फुगतं, त्याला हलायला जागा नाही मिळाली तर काही दिवसांनी आपणहून फुटतं. एक तुकडा त्यानं पंधरा दिवस उन्हात ठेवून हे पाहिलं होतं.

"ह्याले समजलंच नाई पायजे बाई, का आपन छेद पाडून राह्यलो," तो म्हणाला आणि एक तुकडा माझ्या हातात दिला. चार छेद, एकालाही चरा नाही. नागपूरच्या सुताराला जे साधलं नाही ते आमच्या मुखरूला साधलं होतं. मला इतका आनंद झाला की मी त्याच्यासाठी गूळ आणायला आत पळाले.

"आता मालकाले दाखवतो," तो म्हणाला. "म्हनतो का पाहा, एक ओरखडा येत नाई. मंग तं हो म्हनतीन?"

दुसऱ्या दिवशी तो गिरणीवर गेला. गुणवंतरावांनी तुकडा उलटसुलट करून पाहिला, वाहवा केली, आणि म्हणाले की हात चांगला आहे तुझा, पण माझ्या चौकटीला छेद पाडायचा नाही. ज्यानं त्या भिंतीला हात लावला तो घरचा असो की दारचा, त्याला मी उभा ठेवणार नाही. हे त्यांनी संध्याकाळी मलाही सांगितलं, हसत हसत. त्यांचं हसणं मला पक्कं ठाऊक होतं. माझ्या धाकट्या भावाला त्यांनी असंच हसत हसत एकदा घराबाहेर काढलं होतं, तो पुन्हा आला नाही.

मग मीच मुखरूला निरोप धाडला. होय, मीच. ते त्याच्या डोक्यात नव्हतं.

"अमावास्येच्या दोन दिस आधी ते चांद्याले जाऊन राह्यले, कोर्टाच्या कामानं," मी त्याला मागच्या दारी सांगितलं. "दुपारी या. गाव सारं रोवण्याले गेलेलं राह्यते. पण खिळा दिसला नाई पायजे."

"बाई, दिसला नाई तं गाव कसं मानन?"

"दिसला तं ते मले घरात ठेवणार नाईत."

"मंग राहू द्या."

"अन् तुमच्या पोरी? वेळ आली तं मी सांगीन, मुखरूभाऊ. गावासमोर सांगीन का म्या सोता उभी राहून खिळा मारून घेतला. मंग ते काय करतीन? सर्वायसमोर झाल्यावर काई करू शकत नाई." हे बोलताना माझा आवाज अगदी खंबीर होता. मला वाटतं त्या आवाजावरच तो भुलला.

त्या दुपारी तो आला तेव्हा रिमझिम चालू होती आणि गावात चिटपाखरू नव्हतं. सुकरी, आमची कामवाली, तीही धानाच्या रोपांच्या रोवण्याला गेली होती. वच्छला आत निजली होती. मुखरू छपरीत आला, पायातला चिखल त्यानं पुन्हा पुन्हा पुसला आणि चौकटीपुढे उकिडवा बसला. पट्टीवर बोटानं टिचक्या मारून त्यानं मागं लाकूड घट्ट कुठं टेकलं आहे ते शोधलं. खालून हातभर उंचीवर ती जागा सापडली. मग त्यानं गिरमिटाचं टोक ठेवलं आणि दोरीला हात घातला.

मी तांब्यातून थेंब थेंब पाणी सोडत होते. आवाज असा नव्हताच, उंदीर धान कुरतडतो तेवढा. हिरवा बारीक भुगा पाण्याबरोबर खाली येत होता आणि तो भुगा मुखरू पानावर गोळा करत होता. माझं सगळं लक्ष त्या पट्टीवर. आत्ता तडकेल, आत्ता तडकेल, असं वाटत होतं. तडकली नाही. पट्टीतून पार झाल्यावर त्यानं बारीक गिरमिट लावून सागवानात भोक पाडलं. मग झोळीतून खिळा काढला. बारीक डोक्याचा, खास घडवलेला. एक लोखंडी काडी त्याच्या डोक्यावर टेकवून त्यानं वरून अलगद ठोके दिले, म्हणजे हातोडा पट्टीला लागायला नको. खिळा पट्टीच्याही आत जाऊन बसला.

त्यानं हात जोडले. मी सूपभर धान आणलं, ते त्यानं झोळीत घेतलं. मग दिव्यावर लाख वितळवून तिच्यात तो हिरवा भुगा कालवला, छेदावर थेंब सोडला आणि थंड झाल्यावर अंगठ्यानं, मग धानाच्या कोंड्यानं घासत बसला. उठला तेव्हा छेद कुठं होता ते मलाच दिसेना.

"झालं," तो म्हणाला. त्याच्या तोंडावर मी पहिल्यांदा हसू पाहिलं. काम जमल्याचं हसू. त्याला वाटलं सुटलो.

जिवतीच्या सकाळी तो सगळं गाव करून शेवटी आमच्याकडे आला. मागून लटारूभाऊ आणि पन्नासेक माणसं. चार घरची दुःखं त्या गर्दीत होती, कुणी तमाशा पाहायला आलं नव्हतं. गुणवंतराव आदल्या रात्रीच चांद्याहून परतले होते. आरामखुर्चीत बसले होते.

मुखरू पायरीखाली उभा राहिला. "ह्या दाराचा खिळा झाला," तो लटारूभाऊंना म्हणाला.

"कधी झाला?"

"झाला, भाऊ."

गुणवंतराव उठले. "माह्या दाराले खिळा? माह्या दाराले?" त्यांनी चौकटीवरून तळहात फिरवला, वरपासून खालपर्यंत, दोन्ही बाजूंनी. "या, लटारूभाऊ, या वर. तुमी पाहा. कोनीबी या. दाखवा मले खिळा कुठी आहे थो."

लोक वर आले. ज्या पट्टीला हात लावायची वर्षभर कुणाची छाती झाली नव्हती तिच्यावरून पन्नास हात फिरले. लटारूभाऊंनी डोळे बारीक करून, नाक जवळजवळ टेकवून पाहिलं. खिळा नव्हता, छेद नव्हता, ओरखडा नव्हता. मुखरूचं काम इतकं चोख होतं.

"काऊन रे मुखरू?" लटारूभाऊंचा आवाज फाटला. "माह्या नातवाच्या नावानं खोटं बोलतं?"

नखानं जरा खरवडलं असतं तर लाख निघून आली असती. मुखरू दोन पावलं पुढं आला, त्याचा हात उठलाही. पण पुढचा प्रश्न काय येणार ते त्याला दिसलं असणार. मालक घरी नसताना आत कसा गेलास, आणि घरात कोण होतं? बायको एकटी असताना भरदुपारी लोहार घरात. हे एकदा कुणाच्या तोंडून निघालं की मग खिळा कुणी विचारत नाही. ते मी सांगायचं होतं. माझ्या तोंडून आलं तर ते व्रत होतं, त्याच्या तोंडून आलं तर बदनामी. त्याचा हात खाली आला आणि त्यानं माझ्याकडे पाहिलं.

मी दाराच्या आत वच्छलाला कडेवर घेऊन उभी होते. गुणवंतरावांनी मुखरूची नजर कुठं गेली ते बघितलं. ते वळले.

"तुले माईत आहे का काई, इंदू?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी मनात शंभरदा घोकलं होतं काय बोलायचं ते. 'म्या सोता उभी राहून मारून घेतला.' सहा शब्द. गुणवंतराव हसत होते.

"मले काई माईत नाई," मी म्हणाले.

कुणीतरी बाईनं हंबरडा फोडला. चार लेकरांतल्या एकाची आई असावी. मुखरूनं झोळी खांद्यावरून उतरवली, पायरीवर ठेवली आणि म्हणाला, "माही चुकी झाली. मीच खोटं बोललो." एवढंच. तो माझ्याकडे पुन्हा पाहील म्हणून मी भिंतीआड झाले होते. त्यानं पाहिलं नाही.

पंधरा दिवसांत त्यानं भाता गुंडाळला. बल्लारपूरच्या खाणीकडे निघाला होता, तिथं टिकाव-पहारींना धार लावायला माणसं घेतात म्हणे. जायच्या आदल्या दिवशी मी पदराखाली तांदूळ घेऊन त्याच्या घरी गेले. तो नव्हता. त्याची बायको रुखमा भांडी बांधत होती. तिनं तांदळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"बाई, एक इचारू?"

"इचार."

"त्याईनं तुमच्या तोंडालेबी लाख लावली होती काय?"

मी तांदूळ तिथंच ठेवून आले. ती ते घेऊन गेली नाही. चार दिवसांनी मी त्या घरावरून गेले तेव्हा त्या तांदळावर कोंबड्या होत्या.

गावानं वडशाकडून बिरजू नावाचा लोहार आणला. पुढचं वर्ष लागलं आणि ग्रामपंचायतीची निवडणूक होणार असं कळलं. गुणवंतरावांना सरपंच व्हायचं होतं. गेल्या वर्षी ज्या गावाला त्यांनी पायरीखाली उभं केलं तेच गाव आता मत देणार होतं. माणूस हिशोबी. जिवतीच्या आठ दिवस आधी ते स्वतः लटारूभाऊंच्या घरी जाऊन आले.

त्या जिवतीला बिरजू आमच्या दारी वाजतगाजत आला. डफ, सनई, पोरासोरांचा घोळका. गुणवंतरावांनी पांढरी टोपी घातली होती. त्यांनी बिरजूला स्वतः हात धरून वर घेतलं आणि चौकट दाखवली. मी कुंकवाचं ताट घेऊन उभी होते. बिरजूला कचकडं काय ते ठाऊक नव्हतं. त्यानं बोटभर जाड खिळा पट्टीवर धरला आणि दाणकन हातोडा मारला.

पट्टी वरपासून खालपर्यंत चिरली. एक मोठा टवका उडून माझ्या ताटात पडला. डफ थांबला. बिरजूचा हातोडा वरच राहिला.

गुणवंतराव हसले. "अबे मार ना! थांबला काऊन? फुटू दे! गावापरीस का पत्रा मोठा आहे?"

लोकांनी जयजयकार केला. लटारूभाऊंच्या डोळ्यांत पाणी आलं, त्यांनी गुणवंतरावांना मिठी मारली. बिरजूनं आणखी तीन घाव घातले, आणखी तीन चिरा गेल्या. मी ताटातला टवका बाजूला केला आणि त्याला ओवाळलं.

माणसं पांगली. गुणवंतराव टोपी काढून आत आले, पाटावर बसले आणि म्हणाले की उद्या ती पट्टी उपटून टाकायला सांग, तसंही जुनंच झालं होतं ते. तेव्हा मी बोलले. वर्षभर जे बोलायचं राहिलं होतं ते सगळं, भात गाळता गाळता, त्यांच्याकडे न बघता.

"मुखरूनं खिळा मारला होता. त्या पट्टीले. मी समोर उभी होती. म्याच बलावलं होतं त्याले."

मला वाटलं होतं ते उठतील. ओरडतील, ताट भिरकावतील, आत्ताच्या आत्ता चालती हो म्हणतील. मी तयार होते. खरं सांगायचं तर मला तेच हवं होतं.

"मले माईत होतं," ते म्हणाले.

मी वळून पाहिलं.

"तवाच, पट्टीवरून हात फिरवला तवाच बोटाले लागलं. लाख आहे म्हून."

"मंग तुमी काऊन..."

"मी काऊन? मी तं सर्वायसमोर तुलेच इचारलं ना, इंदू. तू नाई म्हनली." त्यांनी ताट पुढं ओढलं. "तूच नाई म्हनतं तं मी कायले हो म्हनू?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. त्यांना खरंच तसं वाटत होतं, आणि ते खोटं नव्हतं. बाहेर छपरीत वच्छला तुटक्या पट्टीचे हिरवे तुकडे गोळा करत होती. तिला कोण ओरडणार, आता त्याला हात लावायला मनाई नव्हती.

मी भात वाढला. वरून वरण घातलं. त्यांनी मीठ मागितलं, तेही दिलं.